जुन्या वेली : रोमाने-काँतीची एक गोष्ट

फ्रान्समधील लाल वाइनच्या बाटलीवर 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे 'जुन्या वेली', हे शब्द अनेकदा दिसतात. वेल किती वर्षांची झाली म्हणजे तिला जुनी म्हणावे, हे मात्र फ्रेंच कायद्याने ठरवलेले नाही. वेलीचे जुनेपण नेमके कशात असते, हा प्रश्न त्यामुळे मोकळाच राहतो. त्याचा विचार करताना आम्हांला बर्गंडीतील व्होन-रोमाने गावच्या एका लहानशा मळ्याचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

रोमाने-काँती हा तो मळा. क्षेत्र जेमतेम १.८ हेक्टर, द्राक्षाची जात पिनो न्वार. काँतीच्या राजपुत्राने १७६० मध्ये तो विकत घेतला आणि पुढे त्याचे नाव मळ्याला जोडले गेले. येथील वेली प्राचीन मानल्या जात. पण त्यांचे प्राचीनत्व खोडाच्या वयात नव्हते. वेल थकली की तिची फांदी मातीत दाबून तिला मुळे फुटू द्यायची, अशी बर्गंडीतील जुनी रीत होती. आपल्याकडील बागाईतदार यालाच दाबकलम म्हणतात. देह बदलत राही, वंश अखंड चाले.

ही अखंडता एका किडीने मोडली. १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये वाळत चाललेल्या वेलींच्या मुळांवर फिलॉक्सेरा पाहिली. ती अमेरिकेतून आली होती, आणि टिकाऊ उपायही तेथूनच आला : अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम. परक्या मुळांवर वाइनचा स्वभाव पालटेल, ही भीती मोठी होती. बर्गंडीत अमेरिकी वेलींवरील बंदी १८८७ पर्यंत टिकली. रोमाने-काँतीने त्यानंतरही कलम नाकारले. मातीत कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन टोचून तेथील वेली स्वतःच्या मुळांवर आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जगवल्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात हे रसायनही दुर्मीळ झाले आणि मजूरही. १९४५ च्या हंगामात क्षीण वेलींनी सुमारे ६०० बाटल्यांपुरतीच द्राक्षे दिली. त्यानंतर त्या उपटण्यात आल्या. १९४७ मध्ये खुंटांवर कलम केलेल्या वेली लावल्या गेल्या. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-काँती अस्तित्वातच नाही; नव्या वेलींची पहिली वाइन १९५२ ची. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात १९४५ ची एक बाटली ५,५८,००० डॉलरांना विकली गेली.

ही किंमत केवळ चवीची नसावी. एका संपलेल्या वंशाच्या शेवटच्या साक्षीचीही ती आहे. तरीही १९५२ नंतरच्या वाइनला कोणी तोतया म्हटले नाही. माती तीच, उतार तोच, द्राक्षही तेच. बदलले ते फक्त मूळ. साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी वाटू नये. मूळ प्रत नष्ट होते, नकलांची परंपरा उरते, आणि त्या नकलांनाच आपण प्राचीन ग्रंथ म्हणतो. मराठीत लेखणीलाही कलम म्हणतात आणि झाडावर बांधलेल्या डोळ्यालाही, हा योगायोग येथे आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

बर्गंडीत आज ज्यांना जुन्या वेली म्हणतात, त्या बहुतेक सगळ्या परक्या मुळांवर म्हाताऱ्या झालेल्या आहेत. त्यांचे जुनेपण त्यामुळे खोटे ठरते, असे आम्हांला वाटत नाही. परंपरा शुद्ध मुळावर टिकते, हा समज मात्र व्होन-रोमानेच्या मातीत १९४५ सालीच गाडला गेला.