गॅरेज नसलेल्यांचें गॅरेज-संगीत

पनवेलीस 'गॅरेज' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता येथून जातो, गोव्याचा रस्ता येथूनच फुटतो. आणि जेथें दोन मोठे रस्ते मिळतात तेथें मोटारी थांबावयाच्या, बिघडावयाच्या आणि दुरुस्त व्हावयाच्याच. गॅरेज म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें पाना, ग्रीझचा वास, जॅकवर चढविलेली मालमोटार आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय, एवढेंच उभें राहतें. ह्याच शब्दानें एका संगीतप्रकारास नांव दिलें आहे हें आम्ही प्रथम वाचलें, तेव्हां मोटारी दुरुस्त करतां करतां गाणाऱ्या कारागिरांचें तें संगीत असावें, अशी आमची भोळी समजूत झाली होती. ती चुकीची होती. पण, पुढें दिसेल त्याप्रमाणें, अगदींच चुकीची नव्हती.

अमेरिकेंत सामान्य गृहस्थाच्याहि घराला लागून मोटार ठेवण्याची एक कोठी असते. १९६४ च्या फेब्रुवारींत 'बीटल्स' मंडळी त्या देशांत गेली व दूरचित्रवाणीवर दिसली, आणि तेथील शाळकरी मुलांना विजेच्या गिटारीचें वेड लागलें. आईबापांना घरांत हा गोंगाट नको होता. मुलांची रवानगी त्या कोठींत झाली. दोन गिटारी, एक ढोलसंच, जमल्यास एक स्वस्तांतला ऑर्गन, आणि तीन स्वरमेळांचें भांडवल! एवढ्यावर शेंकडों मंडळ्या निघाल्या. त्यापूर्वींच, १९६३ सालीं, पोर्टलंड शहरच्या 'किंग्जमेन' नामक पोरांनीं 'लुई लुई' हें गाणें असें कांहीं ओरडून म्हटलें होतें कीं त्यांत अश्लील शब्द असावेत अशा संशयानें अमेरिकन सरकारच्या गुप्त पोलिसांनीं चौकशी आरंभिली; आणि शब्द मुळींच लागत नाहींत, ह्या निष्कर्षावर ती संपली. संगीताच्या इतिहासांत गायकाच्या अस्पष्ट उच्चारानें त्याची सुटका केल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं. १९६६ सालचें '९६ टिअर्स' हें गाजलेलें गाणें तर मिशिगन प्रांतांत पोटासाठीं आलेल्या मेक्सिकन कुटुंबांच्या मुलांचें. बहुतेक मंडळ्यांनीं एक-दोन मुद्रिका काढल्या; मग कोणी कॉलेजांत गेला, कोणी नोकरीस लागला, कोणी व्हिएटनामच्या लढाईवर.

येथें लक्षांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, ज्या वेळीं हीं मुलें गात होतीं त्या वेळीं ह्या संगीतास हें नांव नव्हतें. १९७२ मध्यें लेनी के ह्या तरुण टीकाकारानें विस्मृतींत गेलेलीं सत्तावीस गाणीं वेंचून 'नगेट्स' नांवाचा एक संग्रह सिद्ध केला. पुढें त्याच्यासारख्याच संग्राहकांनीं जुन्या बाजारांतून, तळघरांतून, बंद पडलेल्या दुकानांतून तबकड्या हुडकून काढल्या, आणि 'गॅरेज रॉक' हा प्रकार म्हणून ओळखला जाऊं लागला. म्हणजे गाणारांनीं गाइलें आणि ऐकणारांनीं त्याचा इतिहास घडविला. रसिक जर उठला नसता तर ह्या संगीताचें अस्तित्वच उरलें नसतें.

आतां मुंबईकडे वळूं. १९६० नंतरच्या दशकांत मुंबईंत कोणापाशीं गॅरेज होतें? चाळींतल्या दोन खोल्यांत सात माणसें राहत. फ्लॅटवाल्यांची स्थितीहि त्याहून फार सुखाची नव्हती. तरीहि ह्याच शहरांत त्या काळीं विजेच्या गिटारी घेतलेल्या तरुणांच्या मंडळ्या निघाल्या. त्यांना वाद्यें कोठून मिळालीं, हा प्रश्न आम्हांस त्यांच्या गाण्याइतकाच रम्य वाटतो. परकीय चलनाच्या टंचाईमुळें परदेशी वाद्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. धोबी तलावावरील फुर्तादो यांचें १८६५ पासूनचें दुकान होतें खरें, पण काचेंतली गिटार पाहणें निराळें आणि विकत घेणें निराळें. तेव्हां कलकत्त्यास बनलेली गिटार घ्यावयाची, तिला स्वर उचलणारें यंत्र कोणाकडून तरी बसवून घ्यावयाचें, आणि ध्वनिवर्धकासाठीं गल्लींतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे पाय धरावयाचे. हा रेडिओवाला अनेकदां मराठी असे. त्याला त्या संगीतांत रस नसे, पण व्हॉल्व्ह कसा जोडावा हें त्यास अचूक कळे. त्याचा ध्वनिवर्धक तापला कीं घरघरे, आणि ती घरघर मुलांना आवडे; कारण अमेरिकेंतील मंडळ्या तीच घरघर मुद्दाम यंत्र लावून काढीत. आमची भोळी समजूत अगदींच चुकीची नव्हती असें जें वर म्हटलें तें ह्यासाठीं. कारागिराच्या टेबलावरच हें संगीत येथें जन्मलें.

ऐकावयास काय होतें? आकाशवाणी ह्या बाबतींत उदार नव्हती. पुण्यास जन्मलेले डॉ. बा. वि. केसकर १९५२ पासून १९६२ पर्यंत नभोवाणी खात्याचे मंत्री होते, आणि त्यांच्या आमदानीच्या आरंभींच हिंदी चित्रपटगीतेंसुद्धां आकाशवाणीवरून हद्दपार झालीं. मग रॉक संगीताची कथा काय? तें काम रेडिओ सिलोननें केलें. लघुलहरींवर, खरखरींतून, मध्येंच नाहींसें होणारें गाणें ऐकत मुलें वहींत शब्द उतरवून घेत; एक ओळ ह्या आठवड्यास, दुसरी पुढच्या. अर्धे शब्द चुकत. 'लुई लुई'च्या न्यायानें पाहतां ही परंपराच म्हणावयाची! १९६७ मध्यें कलकत्त्याहून 'ज्युनियर स्टेट्समन' हें तरुणांचें साप्ताहिक निघालें, आणि शिलाँगच्या मुलास मुंबईच्या मुलाचें नांव कळूं लागलें.

एक गोष्ट मात्र सर्वांनीं पाहिलेली आहे, परंतु ह्या दृष्टीनें पाहिलेली नाहीं. राजा नवाथे यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'गुमनाम' (१९६५) ह्या चित्रपटाच्या आरंभीं 'जान पहचान हो' हें गीत आहे. आवाज महंमद रफी यांचा, रचना शंकर-जयकिशन यांची. पण पडद्यावर गिटारी घेऊन उभे आहेत ते टेड लायन्स आणि त्याचे साथीदार, म्हणजे मुंबईंतील खरोखरीची एक मंडळी. २००१ मध्यें 'घोस्ट वर्ल्ड' ह्या अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभीं हें नृत्य जसेंच्या तसें दाखविलें गेलें, आणि अमेरिकेंतील अनेक गॅरेज-रसिकांस कळलें कीं आपल्या ह्या छंदाला मुंबईंत चुलतभावंडें आहेत. आपण तें गीत विनोद म्हणून ऐकत आलों. त्यांनीं तें संगीत म्हणून ऐकलें.

ह्या मंडळ्यांना एकत्र आणलें तें एका सिगारेटीनें. त्या वेळच्या इंपीरियल टोबॅको कंपनीनें आपल्या 'सिम्ला' सिगारेटीच्या जाहिरातीसाठीं 'सिम्ला बीट' नांवाची अखिल भारतीय स्पर्धा चालविली. गांवोगांवच्या फेऱ्यांतून निवडलेल्या मंडळ्या मुंबईस येत. १९७० व १९७१ सालच्या स्पर्धकांच्या गाण्यांची प्रत्येकीं एक मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. शिलाँगचे 'फेंटोन्स', मद्रासचे 'कन्फ्यूजन्स', अशीं नांवें तींत आढळतात. मुद्रण ओबडधोबड, गाणारांचे उच्चार ठिकठिकाणचे, पण आवेश असा कीं आज ऐकतांनाहि बसलेला माणूस उठावा. धूम्रपानाचा प्रसार करणाऱ्यांकडून कलेस आश्रय मिळावा हें कोणास रुचणार नाहीं, आम्हांसहि रुचत नाहीं. परंतु गंधर्व नाटक मंडळीस बडोद्याच्या गायकवाडांनीं आश्रय दिला. ह्या पोरांना गायकवाड कोठून मिळणार?

येथपर्यंतची कथा वाचून मराठी वाचक म्हणेल, हें सर्व ख्रिस्ती, पारशी, अँग्लो-इंडियन मुलांचें कौतुक. आमचा त्यांत संबंध काय? ह्या प्रश्नास उत्तर देण्यासाठींच हा लेख आम्ही लिहावयास घेतला. संबंध आहे, आणि तो थेट मराठी रंगभूमीच्या माजघरांतून आहे. 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'सारख्या फार्सांनीं महाराष्ट्रास हंसविणारे आत्माराम भेंडे आणि अभिनेत्री आशा भेंडे यांचे चिरंजीव कै. नंदू भेंडे हे 'व्हेल्व्हेट फॉग' ह्या मुंबईच्या मंडळींत गात. पुढें 'सॅव्हेजेस' व 'अॅटॉमिक फॉरेस्ट' ह्या नामांकित मंडळ्यांतूनहि ते गाइले. आशाबाई ह्या पूर्वाश्रमीच्या लिली इझिकेल, इंग्रजींत लिहिणारे कवि निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी, जन्मानें बेने इस्रायल. ज्या समाजानें शतकानुशतकें कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं तेलाचे घाणे चालविले, शनिवारीं घाणा बंद ठेवला म्हणून 'शनिवार तेली' हें नांव मिळविलें, आणि आमच्या ह्या पनवेलींत १८४९ सालीं आपलें प्रार्थनामंदिर उभारलें, तो हा समाज. घरीं मराठी बोलावयाची, प्रार्थना हिब्रूंत म्हणावयाची, आणि त्यांत कांहीं विसंगत आहे असें वाटावयाचें नाहीं! अशा मातेच्या पुत्रास मराठी घरांतून उठून इंग्रजी गाणें गातांना अवघडल्यासारखें झालें नसावें, हा केवळ आमचा तर्क. पण तो आम्हांस सोडवत नाहीं.

१९७४ मध्यें अलेक पदमसी यांनीं 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हें संगीतक मुंबईच्या रंगभूमीवर आणलें; त्यांत ज्युडासची भूमिका नंदू भेंडे यांची. आणि १९७८ मध्यें पु. ल. देशपांडे यांनीं ब्रेख्टच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून रचलेला 'तीन पैशाचा तमाशा' डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालीं थिएटर अॅकॅडमीनें सादर केला, तेव्हां रॉक गाणारे तेच नंदू भेंडे मराठींत गाऊं लागले. ह्या एका प्रसंगाचें महत्त्व आपल्या नाट्यसमीक्षकांनीं ओळखलें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांनीं नाटकाविषयीं पुष्कळ लिहिलें, ब्रेख्टविषयीं तर विचारूंच नये. पण तो आवाज कोणत्या तालमींतून तयार होऊन आला, हें कोणी विचारलें नाहीं.

दुसरें नांव ऐकून वाचक याहून चकित होतील. अरुण कोलटकर! अर्जुन शेजवळ यांच्यापाशीं पखवाज शिकलेल्या ह्या कवीनें सत्तरच्या सुमारास इंग्रजी गाणीं रचलीं, त्यांना स्वतः चाली दिल्या आणि १९७३ च्या सुमारास त्यांतील कांहीं मुद्रितहि केलीं. 'जेजुरी' हें काव्य पुस्तकरूपानें १९७६ मध्यें आलें. अभंगाच्या आणि रॉकच्या ध्रुवपदांत त्याच्या कानाला नातें ऐकूं आलें असेल तर त्यांत नवल नाहीं. दोन्ही प्रकार थोड्या सुरांवर, पुष्कळ आवर्तनांवर आणि गाणाराच्या आर्ततेवर उभे असतात.

ह्या मुलांवर नेहमींचा आरोप नकलेचा. तो अर्धा खरा आहे. परक्यांचीं गाणीं हुबेहूब वाजविणें हीच त्यांतील पुष्कळांची महत्त्वाकांक्षा होती. पण मराठी संगीत नाटकानें आपल्या चाली कोठून घेतल्या? कर्नाटकांतून घेतल्या, पारशी-उर्दू रंगभूमीवरून घेतल्या, ठुमरींतून घेतल्या. आणि आज त्या आपल्या वडिलोपार्जित मानतों. आमच्या मतें खरा दोष निराळा आहे. कलकत्त्यांत 'मोहीनेर घोडागुली' ह्या मंडळीनें १९७७ मध्यें बंगालींत गाइलेल्या गाण्यांची मुद्रिका काढली. मुंबईच्या मंडळ्यांत मराठी मुलें होतीं, मराठी रेडिओवाला होता, ऐकणारांत मराठी कॉलेजकुमार होते; पण त्या काळीं तशी मराठी मुद्रिका निघाली नाहीं. त्याच वर्षांत आपलीं अनियतकालिकें मराठी कवितेची भाषा उलथीपालथी करीत होतीं. तीं काढणारे आणि गिटारी वाजविणारे एकाच शहरांत, बहुधा एकाच लोकल गाडींत प्रवास करीत. त्यांची ओळख झाली असती तर काय झालें असतें? कोलटकरांच्या ठिकाणीं तीं दोन्ही माणसें एकाच देहांत होतीं. तरी त्यांनींहि तीं गाणीं इंग्रजींतच रचलीं.

नंदू भेंडे २०१४ मध्यें वारले, कोलटकर त्यापूर्वीं दहा वर्षें. सिम्ला बीटच्या स्पर्धकांपैकीं जे हयात आहेत त्यांनीं सत्तरी गांठली किंवा ओलांडली आहे. त्यांच्या मुद्रिका पुन्हा काढल्या त्या युरोप-अमेरिकेंतील संग्राहकांनीं. 'अॅटॉमिक फॉरेस्ट'चें जुनें मुद्रण २०११ मध्यें लॉस एंजेलिसच्या एका संस्थेनें प्रसिद्ध केलें. सिद्धार्थ भाटिया यांनीं २०१४ मध्यें ह्या पिढीचा इतिहास लिहिला, तोहि इंग्रजींत. मराठींत अद्याप कांहीं नाहीं. माळ्यावरील ट्रंका मात्र दर दिवाळीस साफ होत आहेत. त्यांतील ध्वनिफिती, स्पर्धेचीं निमंत्रणपत्रें, चुकीच्या शब्दांनीं भरलेल्या त्या वह्या रद्दींत जात आहेत. आणि रद्दीवाला तर वजनच पाहणार.

आमच्या घरींहि अशी एक पेटी होती. तींत १९७१ सालची सिम्ला बीटची तबकडी, एका नातलगानें ठेवावयास दिलेली, आणि तिच्याबरोबर त्याच्या हस्ताक्षरांतील गाण्यांची वही. २००५ सालच्या २६ जुलैस पनवेलींत पाणी चढलें. वर सांगितलेल्या प्रार्थनामंदिरांतहि तें शिरलें. आमच्या पेटींतील वहीचा लगदा झाला, वेष्टनाचा रंग वाहून गेला, तबकडीवरील चिठ्ठी निघून आली. तबकडी मात्र साबणाच्या पाण्यानें धुतली तशी स्वच्छ झाली. ती वाजते. कोणत्या बाजूला कोण गात आहे हें तिच्यावर आतां लिहिलेलें नाहीं. ज्यानें ती ठेवावयास दिली तो सर्वांचीं नांवें धडाधड सांगत असे. तीं त्याच्याकडून लिहून घ्यावयाचें आमच्यानें राहून गेलें.