रेझर: दिसायला शंभर, फीचर्सना पस्तीस?

मोटोरोला रेझर व्ही३ चा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, काय फोन होता राव! दुसरी म्हणते, नुसती स्टाईल, आत काही नाही. मला विचाराल तर दोघांचंही निम्मंच बरोबर आहे.

आधी फीचर्स. फोन आला २००४ मध्ये. कॅमेरा व्हीजीए, म्हणजे ०.३ मेगापिक्सेल. मेमरी जेमतेम ५ एमबी, आणि मेमरी कार्डाला जागाच नाही. आदल्या वर्षी आलेल्या नोकिया ६६०० चा कॅमेरा तेवढाच होता, पण त्यात कार्ड बसायचं आणि सिंबियन असल्यामुळे बाहेरचे प्रोग्रॅमही टाकता यायचे. २००५ मध्ये सोनी एरिक्सनचा के७५०आय तर २ मेगापिक्सेल आणि ऑटोफोकस घेऊन आला. आणि रेझरची किंमत? अमेरिकेत सुरुवातीला दोन वर्षांच्या करारावर घेऊनही ५०० डॉलर! 'पैसा वसूल'च्या हिशोबात सरळ नापास.

आता जाडी बघा. मिटलेला फोन १३.९ मिमी. ६६०० होता जवळजवळ २४ मिमी. आणि ही जाडी काही वरवरची रंगरंगोटी करून कमी होत नाही. इंजिनिअर लोकांनी बॅटरी आणि सर्किट बोर्ड एकावर एक न ठेवता शेजारी-शेजारी बसवले. त्यामुळे फोन ५३ मिमी रुंद झाला, पण चपटा झाला. अँटेना वरून काढून खाली, तोंडाजवळ नेला. रेझरची ती फुगीर हनुवटी म्हणजे फॅशन नव्हे, अँटेनाची खोली! कीपॅडसुद्धा धातूच्या एकाच पातळ पत्र्यातून कोरलेला. म्हणजे लोक जिला स्टाईल म्हणत होते, ते खरं तर इंजिनिअरिंगच होतं. फीचर्सच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता, इतकंच.

लोकांनी मात्र मार्क दिले. चार वर्षांत साधारण १३ कोटी रेझर खपले.

मग माशी शिंकली कुठे? यशानंतर. मोटोरोलाने त्याच धारेवर स्लिव्हर, पेबल, क्रेझर, रायझर असे भाऊबंद काढले. रेझर गुलाबी झाला, किंमत उतरत गेली, आणि जे पाचशे डॉलरला मिरवायचं ते करारावर जवळपास फुकट मिळायला लागलं. सॉफ्टवेअर मात्र तेच, रटाळ मेनूचं. २००७ मध्ये आयफोन आला आणि फोन म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअर हे सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी मोटोरोलाच्या फोन विभागाला सुमारे १२० कोटी डॉलरचा तोटा झाला. पुढे २०१२ मध्ये तो गूगलकडे आणि २०१४ मध्ये लेनोव्होकडे गेला.

म्हणून माझा निकाल असा: २००४ मध्ये स्टाईलसाठी फीचर्स सोडणं ही चूक नव्हती, तो चांगला सौदा होता. त्या सौद्याने कंपनीला दोन-तीन वर्षांची उसंत मिळवून दिली. चूक झाली ती त्या उसंतीत आतला कोड नव्याने न लिहिण्याची. रिलीज हिट झाला की "चालतंय ना, हात नको लावू" म्हणणारे आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी कुठे वेगळे आहोत म्हणा!

असो. २०१९ मध्ये घडीच्या स्क्रीनचा नवा रेझर जाहीर झाला, १५०० डॉलरचा. हनुवटी तशीच ठेवलेली!