‘निकामी’ शेरा मारलेलं यंत्र

आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी एक काळं, जड यंत्र ठेवलेलं आहे. उजव्या अंगाला फिरवायचं हँडल. चवथीला घरी आलेला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, “हे शेवया पाडायचं मशीन काय रे?” मी सांगतो, “नाही, हिशेबाचं.” मग हँडल एकदा फिरवून दाखवतो. खर्रर्र आवाज होतो, खिडकीतले आकडे बदलतात आणि पाहुण्यांची पोरं मोबाईल बाजूला ठेवून जवळ येतात.

हे यंत्र माझ्याकडे कसं आलं, ते सांगताना मला थोडी लाज वाटते. तरीही सांगतो.

२००७ सालची गोष्ट. सरकारी नोकरीत नवीनच लागलो होतो. कला शाखेचा पदवीधर, आकड्यांशी जेमतेम ओळख. साहेबांनी डेड स्टॉकची यादी करायला सांगितली. मोडक्या खुर्च्या, गंजलेले पंखे आणि एका कपाटात अशी सात यंत्रं. मी सातांपुढे सात वेळा ‘निकामी’ लिहिलं. एकाचंही हँडल फिरवून पाहिलं नाही. सहा यंत्रं भंगारात वजनावर गेली. सातवं रेकॉर्ड रूममधल्या फायलींच्या गठ्ठ्यामागे राहून गेलं. २०१९ मध्ये जागा बदलताना ते सापडलं, तेव्हा लिलावात रीतसर बोली लावून मी ते साडेतीनशे रुपयांना घेतलं. तळाला पोर्तुगीज भाषेतली एक अर्धवट फाटलेली चिठ्ठी होती. पुढच्या बाजूला नाव होतं, ‘ओरिजिनल-ओडनर’. म्हटलं, हा ओडनर कोण?

विलगॉट ओडनर हा स्वीडनचा माणूस, जन्म १८४५ चा. पोटापाण्यासाठी तो रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला आणि लुडविग नोबेलच्या कारखान्यात लागला. लुडविग म्हणजे नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेडचा भाऊ. तिथे १८७१ च्या सुमारास त्याच्याकडे एक गणनयंत्र दुरुस्तीला आलं. फ्रान्सच्या थोमा द कोलमारने १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या जातीचं ते यंत्र. त्यात प्रत्येक आकड्यासाठी एक लांब, पायऱ्यापायऱ्यांचा दंडगोल असे. त्यामुळे यंत्र अवाढव्य होई. ओडनरने दंडगोलाच्या जागी पातळ चाक बसवलं. त्या चाकाला नऊ दाते, आणि हे दाते हवे तेवढे बाहेर काढता येतात. सात हा आकडा लावला की सात दाते बाहेर. हँडलचा एक फेरा मारला की ते दाते पुढचं आकड्याचं चाक सात घरं सरकवतात. यंत्र टेबलावर मावेल इतकं लहान झालं.

आता गंमत बघा. पगार ४१५ रुपये, हजेरी १७ दिवस. ४१५ ला १७ ने गुणायचंय, तर १७ फेरे मारावे लागत नाहीत. ४१५ लावायचे, सात फेरे मारायचे, खालची सरकती पट्टी एक घर सरकवायची आणि आणखी एक फेरा. आठ फेऱ्यांत ७०५५ हजर! भागाकारासाठी हँडल उलटं फिरवून वजा करत जायचं. प्रमाणाबाहेर वजाबाकी झाली की आत बारीक घंटा वाजते. मग एक फेरा परत मारून चूक सुधारायची आणि पुढच्या घराकडे वळायचं.

१८९० पासून ओडनर स्वतःच्या कारखान्यात ही यंत्रं बनवू लागला. लवकरच जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात याच रचनेची ‘ब्रुन्सविगा’ निघाली. ओडनर १९०५ मध्ये गेला. १९१७ ला रशियात क्रांती झाली आणि कुटुंब स्वीडनला परतलं. तिथे गोटेनबर्गमध्ये नवा कारखाना उभा राहिला. म्हणून नावात ‘ओरिजिनल’, आम्हीच अस्सल! तिकडे सोव्हिएत सरकारने तेच यंत्र ‘फेलिक्स’ या नावाने काढलं, गुप्त पोलिसांचा प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की याच्या नावावरून. राजवटी बदलल्या, नावं बदलली, आतली चाकं तीच राहिली.

आपल्या गोव्यालाही हे नवीन नाही. पोर्तुगीज अमलात रुपियाचे १६ तांगा होत. हे यंत्र मात्र दहाच्या पाढ्यावर चालणारं. सात तांगा त्यात घालायचे तर आधी त्यांचे ०.४३७५ रुपिया करायला हवेत! भारतात १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन शंभर नये पैसे आले. गोव्यात १९५९ मध्ये रुपिया जाऊन शंभर सेंतावांचा एश्कुद आला, एका रुपियाला सहा एश्कुद. यंत्राला सोयीचं चलन आलं आणि दोन-तीन वर्षांत, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त होऊन रुपये-पैसे सुरू झाले. योगायोग असा की त्याच १९६१ साली इंग्लंडमध्ये ‘अनिता’ नावाचा पहिला संपूर्ण इलेक्ट्रॉनिक टेबल-कॅल्क्युलेटर बाजारात आला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत कॅल्क्युलेटर खिशात मावू लागला आणि हँडलवाल्यांचे दिवस भरले.

आमच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक मुख्य कारकून आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. १९७४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा ते याच यंत्रांवर पगारबिलं करत. गेल्या वर्षी मी त्यांना घरी बोलावलं. हात थरथरतात, चष्मा जाड झालाय. पण हँडलला हात लागला आणि थरथर थांबली. त्यांनी ७०५५ ला ३१ ने भागायला घेतलं. फेरे मारता मारता बारीक घंटा वाजली. काका हसले, “घांट वाजली मूं? आतां एक फेरो फाटीं!”

मग विचारलं, “बाकीची सहा कुठे आहेत?”

मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “चालवून पाहिली होतीस?”

“नाही, काका.”

नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्या सहांपैकी एकेकाची खोड सांगू लागले. एकाचं हँडल जड, एकाची पट्टी अडकायची, एकाची घंटाच मुकी. मी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं.

जुनी यंत्रं जमवणारे लोक मॉडेल आणि क्रमांक बघतात, किंमत बघतात. माझ्याकडे यंत्र एकच आहे. पण वहीत आता सात आहेत. आणि कचेरीत आजही डेड स्टॉकची यादी माझ्याकडेच येते. ‘निकामी’ लिहिण्याआधी मी प्रत्येक वस्तू एकदा चालवून बघतो. माझ्या त्या यादीच्या वेळी घंटा वाजली नव्हती, एवढाच काय तो फरक.