म्युझिक व्हिडिओ : चौकटीत कोण आणि चौकट कोणाची?

"गाणं ऐका, नाचा, सोडून द्या. त्यात जात कशाला आणता?" आपल्या पोरांनी रॅपचा एखादा व्हिडिओ केला की हा सल्ला ऐकायला मिळतोच. सल्ला देणाऱ्याचं गृहीतक असं असतं की पडदा सगळ्यांना सारखाच खुला आहे आणि ज्याच्यात दम आहे तो दिसतोच. ज्या अमेरिकेत म्युझिक व्हिडिओ हा उद्योग म्हणून उभा राहिला, तिथला इतिहास मात्र नेमकं उलटं सांगतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणून हा इतिहास आपण आपल्या नजरेने वाचला पाहिजे.

सुरुवात टीव्हीच्याही आधीची आहे. १९२९ साली ब्लूज गायिका बेसी स्मिथ 'सेंट लुईस ब्लूज' या लघुपटात दिसल्या. त्यांचं पडद्यावरचं हे एकमेव दर्शन. १९४० मध्ये शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचं 'पॅनोराम' नावाचं यंत्र बाजारात आलं. बारमध्ये, हॉटेलात ठेवलेल्या या कपाटाएवढ्या यंत्रात दहा सेंटचं नाणं टाकलं की सुमारे तीन मिनिटांची गाण्याची फिल्म दिसायची. या फिल्मना 'साउंडीज' म्हणत. १९४६-४७ पर्यंत अशा १,८०० हून जास्त फिल्म बनल्या. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे, ही आजही चालणारी पद्धत त्यात होतीच.

ड्यूक एलिंग्टन, लुई जॉर्डन, फॅट्स वॉलर यांच्यासारखे मोठे कृष्णवर्णीय कलावंत साउंडीजमध्ये दिसतात. पण काही फिल्ममध्ये त्यांच्या समाजाला जंगली वेशात किंवा कायम हसणाऱ्या नोकराच्या रूपात उभं केलेलं आहे. गाणं त्यांचं होतं, पण नेपथ्य, वेश आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. चौकटीत जागा मिळणं आणि चौकटीवर हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक तेव्हापासूनचा आहे.

१ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. चोवीस तास फक्त गाण्यांचे व्हिडिओ. पहिल्या पाच निवेदकांपैकी एक, जे. जे. जॅक्सन, कृष्णवर्णीय होते. तरीही पहिली दीड-दोन वर्षं पडद्यावर कृष्णवर्णीय गायक शोधावे लागत. रिक जेम्स यांचं 'सुपर फ्रीक' लोकप्रिय होतं, वाहिनीने ते नाकारलं. त्यांनी उघडपणे वर्णभेदाचा आरोप केला. १९८३ मध्ये गोरे गायक डेव्हिड बोवी यांनी याच वाहिनीवरच्या मुलाखतीत निवेदकालाच प्रश्न केला की इथे कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का दिसतात? उत्तराचा आशय असा होता की वाहिनीला आतल्या भागातल्या छोट्या गावांचाही विचार करावा लागतो आणि तिथले लोक असे चेहरे पाहून बिचकतील.

वाहिनीचा अधिकृत बचाव याहून सभ्य होता. आमची वाहिनी रॉक संगीताची आहे, त्या साच्यात बसेल तेच आम्ही दाखवतो. इथे 'साचा' या शब्दाकडे नीट बघा. रॉक संगीताची मुळं कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहेत. तरी साचा ठरवला गोऱ्यांनी आणि त्यात बसत नाहीत म्हणून बाहेर ठेवलं मूळ मालकांना. त्यात व्हिडिओचा खर्च रेकॉर्ड कंपन्या करत. जे दाखवलंच जाणार नाही त्यावर कंपनी पैसा कशाला घालेल? पैसा नाही म्हणून व्हिडिओ नाही, आणि व्हिडिओ नाही म्हणून दाखवायला काही नाही. राखीव जागा रिकाम्या ठेवून 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारण्याची आपल्याकडची रीत याहून वेगळी आहे का?

ही भिंत मार्च १९८३ मध्ये मायकल जॅक्सन यांच्या 'बिली जीन'ने फोडली. त्यांची कंपनी सीबीएसने आपले सगळेच व्हिडिओ काढून घेण्याची धमकी दिली होती असं सांगितलं जातं. वाहिनीचे तेव्हाचे अधिकारी ते नाकारतात. पण गाणं त्याआधीच देशाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं, यात वाद नाही. म्हणजे दार उघडलं ते औदार्यामुळे नाही, बंद ठेवणं परवडेनासं झालं म्हणून. त्याच वर्षी 'बीट इट' आणि डिसेंबरमध्ये जवळपास चौदा मिनिटांचा 'थ्रिलर' आला. गोष्ट, संवाद, एका तालात नाचणारा जमाव आणि नाच दिसावा म्हणून पूर्ण शरीर दाखवणारा कॅमेरा, या गोष्टी पुढे सगळ्यांनीच उचलल्या. ज्यांना साच्यात बसत नाही म्हटलं होतं, त्यांनीच नवा साचा घडवला.

पण एक माणूस आत गेला म्हणजे समाज आत गेला असं होत नाही. रॅप गाणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांना आणखी थांबावं लागलं. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाला मोठा प्रेक्षक मिळाला तो एरोस्मिथ या गोऱ्या रॉक गटाबरोबर. त्या 'वॉक धिस वे' व्हिडिओत दोन गटांमधली भिंत खरोखरच फोडलेली दाखवली आहे! एमटीव्हीवर रॅपचा स्वतंत्र कार्यक्रम आला ऑगस्ट १९८८ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी राल्फ मॅकडॅनियल्स यांनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीवर 'व्हिडिओ म्युझिक बॉक्स' सुरू केला होता. कॅमेरा घेऊन ते थेट लोकांत जायचे आणि साध्या माणसांनाही बोलू द्यायचे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' का काढला हे ज्याला कळतं, त्याला या कार्यक्रमाचं मोल वेगळं सांगायला नको.

रॅप व्हिडिओची दृश्यभाषा या वस्त्यांतूनच आली. गायकाच्या मागे उभी अख्खी गल्ली, खालून वर बघणारा कॅमेरा, थेट भिंगात रोखलेली नजर. ही नुसती स्टाइल नव्हती. ज्यांना मान खाली घालून चालायला शिकवलं, ते डोळ्याला डोळा भिडवत होते. ज्या वस्तीला बातम्यांमध्ये फक्त गुन्ह्याची जागा म्हणून दाखवलं, तीच पत्ता म्हणून अभिमानाने पुढे येत होती. पब्लिक एनिमी या गटाच्या 'फाइट द पॉवर' या गाण्याचा १९८९ चा व्हिडिओ स्पाइक ली यांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर केला. सुरुवातीला १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची दृश्यं येतात, मग रस्ताभर माणसं, हातात फलक आणि नेत्यांच्या मोठ्या तसबिरी. चौदा एप्रिलची मिरवणूक पाहिलेल्याला हे दृश्य परकं वाटणार नाही.

बाजाराने मग हेही गिळलं. नव्वदच्या दशकात पैसा वाढला, तशी वस्ती मागे पडली. महागड्या गाड्या, सोन्याच्या साखळ्या, बंगले आणि सजावटीसारखी वापरलेली बायकांची शरीरं पुढे आली. विरोध समाजातूनच झाला. २००४ मध्ये अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय महिलांच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींनी रॅपर नेली यांच्या एका व्हिडिओतल्या स्त्रियांच्या चित्रणाबद्दल जाब विचारला. आपल्याच माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे चळवळीशी द्रोह नव्हे, हे त्या मुलींनी दाखवलं.

आपल्याकडेही हाच पेच आहे. मार्च २०२१ मध्ये अरिवू आणि धी यांचं 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं आलं. जमीन कसणाऱ्या, मळ्यात राबणाऱ्या भूमिहीन पूर्वजांची आठवण त्यात आहे. व्हिडिओत राबणारी माणसं राजेशाही थाटात बसलेली दिसतात. गाणं जगभर गाजलं. काही महिन्यांनी 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी होत्या, गाणं लिहिणारे आणि गाणारे अरिवू नव्हते. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा दखल घेतली गेली.

आज मोबाइल खिशात आहे, एमटीव्हीच्या दारात उभं राहायची गरज नाही. म्हणूनच जबाबदारी वाढली आहे. व्हिडिओ करणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींना आमचे काही प्रश्न आहेत. भाड्याने आणलेल्या गाडीपुढे उभं राहायचं, की आपल्या गल्लीत? बायका फक्त नाचायला, की माइकवर आणि कॅमेऱ्यामागेही? गाण्याचे हक्क, चॅनेल आणि मिळकत कोणाच्या नावावर? कॅमेरा सुरू करण्याआधी याची उत्तरं लिहून काढा आणि करारावर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. दम आपल्यात होताच, मालकीही आपली असली पाहिजे.

जयभीम!