फसलेल्या ओतकामाची नोंद

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या धातुकामाचा विषय निघाला की बोट आधी दौलताबादच्या मेंढा तोफेकडे जातं. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं असलेली ही ओतीव तोफ आजही किल्ल्यावर आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिता येतं. फसलेलं ओतकाम मात्र शोधूनही सापडत नाही, कारण ते त्याच आठवड्यात पुन्हा मुशीत गेलेलं असतं. शहरातल्या बिदरीकामासारख्या, म्हणजे जस्ताच्या काळ्या वस्तूंवर चांदी जडवण्याच्या, घरातल्या एखाद्या खोलीत बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या धंद्याच्या बाबतीत ही अडचण फार मोठी आहे. बिघडलेल्या दिवसांचा कागद तिथे कोणी ठेवला नाही. तरीही त्या दिवसांचा पुरावा शिल्लक आहे, असं माझं म्हणणं आहे. तो कामाच्या क्रमात आहे आणि खुद्द धातूतही आहे. बिदरीचा इतिहास कोणत्या सुलतानाने आश्रय दिला यावरून जितका कळतो, त्याहून जास्त तो या पुराव्यावरून कळतो.

बीदर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. बीदरची ही कला औरंगाबादेत रुजली आणि इथल्या कारागिरांनी वेलबुट्टीच्या जोडीला अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकृतीही घेतल्या. कामाचा मूळ क्रम मात्र तोच राहिला, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या बिघाडावरचा तोडगा आहे. जस्त 419 अंश सेल्सियसला वितळतं आणि 907 ला उकळतं, तांब्याला वितळायला 1085 अंश लागतात. तांबं आधी पातळ करून त्यात जस्त टाकलं तर जस्त पेट घेतं आणि खोली पांढऱ्या धुराने भरते. तो धूर छातीत गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. उलट वितळलेल्या जस्तात तांबं बऱ्याच कमी उष्णतेवर हळूहळू विरघळतं, पण त्याला धीर लागतो. साच्याची वाळू पाण्याने बांधली तर वाफ होते आणि वस्तूच्या पोटात पोकळ्या राहतात, म्हणून वाळूत राळ आणि एरंडेल मिसळतात. पोकळी दिसते तीही उशिरा, कानस फिरवून झाल्यावर किंवा छिन्नी अचानक आत गेल्यावर. घासलेला धातू पांढराशुभ्र असतो. त्यावर कोरलेली रेघ डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून मोरचुदाचं पाणी फिरवून तो तात्पुरता काळा करतात. चांदीची तार ठोकून बसवली, पुन्हा घासलं, की शेवटी जुन्या किल्ल्याची माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्याने कायमचा काळा रंग चढवतात. चांदी तशीच लखलखत राहते. धातूत तांबं पुरेसं नसेल तर हा रंग नीट उतरत नाही. सगळी मेहनत आणि चांदी आत गेल्यावर ही परीक्षा येते, म्हणून माती आधी जिभेवर चाखून पाहण्याची रीत मला अंधश्रद्धा वाटत नाही. हाताशी दुसरं साधन नसताना माती कितपत खारी आहे हे जोखण्याचा तो मार्ग होता.

धातूतला पुरावा याहून बोलका आहे. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं, असं प्रमाण सर्रास सांगितलं जातं. जुन्या वस्तूंच्या तपासणीत मात्र तांबं साधारण शेकडा 2 ते 10 पर्यंत आढळतं, काहींत शिसं आणि कथीलही असतं. कागदावरची कृती ठरलेली, पण मुशीतला माल ठरलेला नाही. बिघडलेली वस्तू पुन्हा वितळवली की दर खेपेला थोडं जस्त धुरावाटे उडून जातं आणि तांब्याचा वाटा वाढतो. या चढउतारात फसलेल्या ओतकामाचा काही हिस्सा आहे, असं म्हणायला मला हे कारण पुरेसं वाटतं.

यावर कोणी म्हणेल की फरक कच्च्या मालाचा असेल. शिशाच्या बाबतीत हे मी मान्य करतो. जस्ताच्या खनिजासोबत शिसं येतंच. पण जस्त शुद्ध असो वा नसो, त्यात तांबं किती घालायचं हे कारागिराच्या हातात असतं. ते इतकं बदलत असेल, तर एकतर मोडीचा माल पुन्हा वापरला गेला किंवा काळा रंग साधेपर्यंत प्रमाण चाचपलं गेलं. दोन्ही वाटा फसलेल्या कामातूनच जातात.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे. बहमनी काळात इराणहून आलेल्या उस्तादाने ही विद्या तयार स्वरूपात आणली, असं सांगतात. धातूवर चांदी जडवण्याची रीत तिकडून आली असेल, त्याला माझी हरकत नाही. पण बिदरीचा पाया जस्त आहे, आणि जस्त गाळण्याचं मोठं केंद्र होतं राजस्थानातलं जावर. युरोपातही विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचा एकाधिकार मिळवला तो 1738 साली. अशा धातूचे रुसवेफुगवे आणि त्याला काळं करणारी माती या गोष्टी बाहेरून तयार येणं अवघड होतं. त्या इथेच, माल वाया घालवत शिकाव्या लागल्या.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कारागिराच्या नुकसानीला ज्ञान म्हणणं हे त्याच्या हालांचं कौतुक करणं नाही का? नुकसान खरंच आहे. जस्त मुशीतून परत मिळतं, पण घासण्या-कोरण्याचे दिवस परत मिळत नाहीत, आणि ठोकलेली चांदी उकरून काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. ओतीव जस्त ठिसूळही असतं. पूर्ण झालेली सुरई हातातून पडली तर तिला भेग जाते. जिथे मजुरी तयार नगावर ठरते तिथे हा सगळा भार एका घरावर पडतो. म्हणूनच किंमत ठरवताना फक्त चांदीचं वजन आणि नक्षीची बारकाई धरणं चुकीचं आहे. न विकल्या गेलेल्या वस्तूंची मेहनतही त्या किमतीत यायला हवी. आणि वस्तुसंग्रहालयांनी औरंगाबादच्या वस्तूंवर केवळ नक्षीचं वर्णन लिहून न थांबता त्यांच्या धातूचं प्रमाणही तपासून नोंदवावं. त्या आकड्यांशिवाय या शहरातल्या बिदरीकामाचा इतिहास अर्धाच लिहिला जाईल.