मामाची कॅसेट आणि दोन शाया

मुंबईच्या रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ चा, दुसरा ‘द सेकंड कमिंग’ १९९० चा. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं. आता दुसरा अल्बम ऐकताना प्रत्येक बदलात आपल्याला त्या नामांतराची चाहूल लागते. १९९० च्या श्रोत्याला पुढचं काय ठाऊक असणार? म्हणून तेव्हाचा पुरावा शोधायचा. चौलच्या आमच्या मामाने कॅसेटच्या कव्हरवर आवडत्या गाण्यांपुढे फुल्या मारल्यात, बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्हं. त्यातली दोन प्रश्नचिन्हं नंतर वेगळ्या शाईने खोडून फुल्या केल्यात. मामाला विचारा, तो ठामपणे सांगतो, “मला पहिल्यांदा ऐकतानाच सगळी आवडली होती!” आठवण आणि शाई जुळत नाहीत. माझं टिपण शाईपासून सुरू होतं. मामाची मुलाखत त्यानंतर.