ज्योत, माळ आणि वाळलेले झाड : नाताळच्या आगीचा इतिहास

नाताळच्या झाडाचा इतिहास बहुधा सजावटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु स्प्रूस, फर किंवा पाइन यांसारखे सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांचे व राळेने भरलेले झाड दिवाणखान्यात आणून त्याच्या फांद्यांवर उघड्या ज्योती ठेवण्याची ही प्रथा असल्यामुळे तो आगीपासून घर वाचवण्याच्या खटपटीचाही इतिहास आहे. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ च्या सुमाराच्या वर्णनात झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे आणि साखरेचे पदार्थ टांगल्याचा उल्लेख येतो, मेणबत्त्यांचा येत नाही. फ्रान्सच्या राजघराण्यात दिलेली जर्मन राजकन्या एलिझाबेथ शार्लोट हिने १७०८ साली आपल्या लेकीला लिहिलेल्या पत्रात मात्र बालपणी हॅनोव्हरला पाहिलेल्या, फांदीफांदीवर मेणबत्ती लावलेल्या झाडांची आठवण नोंदवली आहे. मधमाश्यांचे मेण महाग असल्याने हा थाट श्रीमंतांपुरताच राहिला. एकोणिसाव्या शतकात चरबीपासून काढलेले स्टिअरिन आणि नंतर खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन यांमुळे मेणबत्ती स्वस्त झाली, आणि तिच्याबरोबर आगीचे भयही सामान्य घरांत शिरले.

आरंभी मेणबत्ती टाचणीने किंवा वितळलेल्या मेणाने फांदीला चिकटवली जाई, त्यामुळे फांदी वाकली की ज्योत तिरकी होऊन वरच्या सुयांना भिडे. अमेरिकेत १८६७ मध्ये चार्ल्स किर्चहॉफ याने खाली वजन लोंबकळणाऱ्या बैठकीचे पेटंट घेतले. त्या वजनाच्या ओढीने मेणबत्ती ताठ राही. १८७९ मध्ये फ्रेडरिक आर्ट्झ याची स्प्रिंगच्या चिमट्याची बैठक आली. तरीही खरी भिस्त या उपकरणांपेक्षा घरातल्या शिस्तीवर होती : अनेक घरांत झाड नाताळच्या आदल्या दिवशीच आत येई, मेणबत्त्या थोडाच वेळ पेटत, तेवढा वेळ वडीलधारी माणसे समोरून हलत नसत, आणि पाण्याची बादली व काठीला बांधलेला ओला स्पंज हाताशी असे.

एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी लाल, पांढऱ्या व निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांचे फिरते झाड उभे केले, तेव्हा या भयावर तोडगा सापडल्यासारखे वाटले. पण तारा जोडण्यास जाणकार लागे, आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०३ पासून तयार माळा विकायला काढल्या तरी त्या पुष्कळांना परवडत नसत. शिवाय खेड्यापाड्यांत वीजच नव्हती. ओक्लाहोमा राज्यातील बॅब्स स्विच येथील एका खोलीच्या शाळेत २४ डिसेंबर १९२४ च्या रात्री भेटी वाटताना मेणबत्तीमुळे झाडाने पेट घेतला. खिडक्यांना पक्की बसवलेली जाळी होती आणि दरवाजा आत उघडणारा होता. बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या रेट्याने तो उघडेनासा झाला आणि ३६ माणसे दगावली. या दुर्घटनेचे खापर केवळ मेणबत्तीवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्योतीने आग लावली असली तरी माणसे कोंडली गेली ती जाळीमुळे आणि दरवाजामुळे. त्यानंतर शाळांचे दरवाजे बाहेर उघडावेत, असा आग्रह धरला जाऊ लागला.

काही उपाय तर आगीइतकेच घातक निघाले. फांद्यांवर पसरलेला कापसाचा बर्फ चटकन पेट घेतो म्हणून पुढे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचा बनावट बर्फ विकला गेला, आणि तो न जळणारा असला तरी त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन गंभीर रोग जडवतात.

विजेच्या माळांनी ज्योत हटवली, पण ज्योतीबरोबर राखणही गेली, ही गोष्ट या इतिहासात पुरेशी नोंदवली जात नाही. दिव्यांपाशी बसण्याची गरज न उरल्याने झाड डिसेंबरच्या आरंभीच घरात येऊ लागले, आठवडेच्या आठवडे उबदार खोलीत वाळू लागले, आणि एकाच सॉकेटवर अनेक माळांचा भार पडू लागला. ताज्या झाडाच्या सुयांतील पाणी आधी वाफ होऊन जावे लागते, म्हणून ते सहजासहजी पेटत नाही. वाळलेले झाड मात्र काही सेकंदांत शेंड्यापर्यंत धडाडून पेटते आणि त्याच्या उष्णतेने खोलीतील इतर सामानही पेट घेते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या चाचण्यांतून स्पष्ट झाले आहे. आजचे एलईडी दिवे जुन्या दिव्यांपेक्षा पुष्कळच थंड असले तरी झाडाचे वाळणे त्यांनी थांबत नाही. कापलेल्या बुंध्याच्या तोंडाशी राळ साकळून पाणी वर चढेनासे होते. म्हणून झाड उभे करण्यापूर्वी बुंध्याची एक पातळ चकती नव्याने कापावी, खालच्या भांड्यातील पाणी रोज पाहावे, आणि सुया गळू लागल्या की सण उरकण्याची वाट न पाहता झाड घराबाहेर काढावे.